काय उघडलं, ते लिहा

बंगळुरूच्या वाचकांची या महिन्यातली पत्रं जवळजवळ सगळी एकाच तक्रारीची आहेत. व्हील बेअरिंगच्या एस्टिमेटमध्ये अलाइनमेंट लावलं की टॅक्सी फ्लीटच्या कार्यालयातला मंजुरी अधिकारी ती ओळ खोडतो. शेरा ठरलेला : ‘बेअरिंगचा अलाइनमेंटशी संबंध नाही.’ गाडी कोणती, चाक पुढचं की मागचं, नकल उतरवलं का, यातलं काहीही विचारलं जात नाही. पुढे ड्रायव्हर स्टिअरिंग तिरकं झाल्याची तक्रार घेऊन येतो आणि काम फुकट करून द्या, असा मेल त्याच कार्यालयातून येतो.

हा अन्याय आहे. पण त्या अधिकाऱ्याच्या हातात लाल पेन आपल्यातल्याच काहींनी दिलं. मागच्या ड्रममधलं बेअरिंग बदलताना स्टब ॲक्सलला धक्काही लागत नाही आणि साध्या टॉर्शन बीमवर जुळवण्यासारखं काही नसतं. तरीही तिथे अलाइनमेंट लावणारी गॅरेजं आहेत. बोल्टवाल्या हबचंही तेच. नकल गाडीवरच राहतं, मागून बोल्ट काढले, नवं हब बसवलं, काम संपलं.

दाबून बसवलेलं पुढचं बेअरिंग वेगळं. नकल प्रेसवर न्यावं लागतं. टाय रॉड एंड नकलमधून सोडवला, पण लॉक नट हलवला नाही, तर टो तिथून बिघडत नाही. घोळ होतो तो शॉकअपच्या दोन बोल्टांवर. भोकात बोल्टाला मोकळीक असते. परत आवळताना नकल किंचित आत-बाहेर बसलं की कँबर बदलतो आणि त्यामागोमाग टोही. सोडण्याआधी खूण करून ठेवली तर फरक कमी राहतो, पण खूण म्हणजे मोजमाप नव्हे. इथे मशीनवर तपासणी हवीच.

दुसरं, ढिल्या बेअरिंगवर केलेलं अलाइनमेंट पाण्यात जातं. चाकच हलत असेल तर रीडिंग कशाची घेता? म्हणून क्रम असा ठेवा : आधी बेअरिंग, मग काहीही न जुळवता पहिली रीडिंग. ती कंपनीच्या मर्यादेत असेल तर फक्त तपासणीचे पैसे घ्या. बाहेर असेल तर जुळवणीचे घ्या आणि आधीची व नंतरची अशा दोन्ही प्रिंट बिलाला जोडा. एस्टिमेटमध्ये ‘तपासणी’ आणि ‘जुळवणी’ या दोन वेगळ्या ओळी असू द्या. छापील आकडा समोर असताना ओळ खोडायची तर कारण लिहावं लागेल.

या शहरात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. आउटर रिंग रोडवर, बेळ्ळंदूरकडे पावसात खड्डा दिसत नाही आणि साचलेलं पाणी सीलमधून आत शिरून ग्रीस धुऊन टाकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीबीएमपी जाऊन पाच महानगरपालिका आल्या, पण चाकाला बसणारा मार तोच आहे. खड्ड्याने बेअरिंग गेलं असेल तर तोच मार लोअर आर्मचं बुश, टाय रॉड आणि रिम यांनाही बसलेला असतो. तिथे अलाइनमेंटची तपासणी लागते ती खड्ड्यामुळे. जॉब कार्डवर तसं स्पष्ट लिहा. ‘बेअरिंग चेंज’ एवढेच दोन शब्द लिहून पुढे मंजुरीसाठी भांडणं आता बंद करा.

खोडलेलं एस्टिमेट, पूर्ण भरलेलं जॉब कार्ड आणि दोन्ही प्रिंट, गाडीमालकाचं नाव व गाडीचा नंबर झाकून, आमच्याकडे पाठवा. ती प्रकरणं आम्ही छापू आणि फ्लीट कार्यालयांना अंक पाठवू. मागच्या ड्रमवर लावलेल्या अलाइनमेंटची बाजू मात्र हे मासिक घेणार नाही.