तंजावूरची न्याहारी : केळं-पनीरची बेक्ड करंजी

तुमच्या घरात सकाळी सगळ्यात कमी कोण खातं? आमच्या घरात त्याचं उत्तर आहे आत्या. ती राहते तंजावूरला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. वय ७६, वजन जेमतेम ५२ किलो. सकाळी फिल्टर कॉफी आणि तीत बुडवून दोन बिस्किटं, झाली न्याहारी. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण दंड आणि मांड्या इतक्या बारीक झाल्या होत्या की डॉक्टरांनी औषधाआधी एकच गोष्ट विचारली, "सकाळी काय खाता?"

नातवानं लगेच प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला. आत्यानं एकदा घोट घेतला आणि डबा फडताळात मागे सरकवला. "खडू विरघळवून प्यायल्यासारखं लागतं गं," म्हणाली. "मला गोड काहीतरी दे, फळाचं दे, चावून खायला दे. खाते की नाही बघ."

मी तिच्याकडे पंधरा दिवस राहिले ते हे कोडं सोडवायला. या वेळच्या सदरात तीच पाककृती देतेय, हिशेबासकट. हिशेब महत्त्वाचा, कारण हल्ली कशावरही 'हाय प्रोटीन' लिहिलेलं असतं आणि आत बघितलं तर मैदा, साखर आणि चिमूटभर बदामाचे काप.

आधी तंजावूरबद्दल दोन शब्द, कारण पाककृतीचं मूळ तिथलंच आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात इथली गादी घेतली आणि १८५५ पर्यंत हे भोसल्यांचं राज्य होतं. आजही या परिसरात घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द इतके मिसळलेत की पहिल्या दिवशी तुम्ही नुसतं हसून मान डोलवाल, तिसऱ्या दिवशी तुम्हीही तसंच बोलायला लागाल. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथल्या मोडी लिपीतल्या मराठी कागदांत सरफोजीराजांच्या (राज्यकाळ १७९८ ते १८३२) काळातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे स्वयंपाकाचं पुस्तकही आहे आणि त्यात आपल्याकडच्या पदार्थांबरोबर इंग्रजी मुदपाकखान्यातल्या पदार्थांचीही नोंद आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी या वाड्यात मराठी, तमिळ आणि साहेबी चवी एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या. सांबार याच वाड्यात संभाजीराजांच्या पाहुणचारात जन्मलं, ही गोष्टही तुम्हाला इथे कुणीतरी सांगेलच. गोष्ट म्हणून ऐका, पुरावा मागू नका.

मला मात्र भावली ती पोळी. आपली पुरणपोळी तमिळ मिठाईच्या दुकानात 'पोळी' याच नावानं मिळते. आणि आपल्या करंजीची तिथली बहीण म्हणजे 'सोमास'. दिवाळीत घरोघरी होते. फरक सारणात आहे. आपण ओलं किंवा सुकं खोबरं भरतो, तिथे बहुतेक घरांत पोट्टुकडलैची पूड, साखर आणि थोडं खोबरं. पोट्टुकडलै म्हणजे आपण चिवड्यात घालतो ते पंढरपुरी डाळं. आत्याच्या स्वयंपाकघरात त्याचा डबा मिठाच्या शेजारी असतो, कारण रोजच्या चटणीत तेच लागतं.

तो डबा बघितला आणि डोक्यात घंटा वाजली. डाळ्यात १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. पावडरचा डबा फडताळात असताना प्रथिनं मिठाच्या शेजारी बसली होती! सोमासची अडचण दोनच, ती तळतात आणि तिच्यात साखर भरपूर. म्हणून ठरवलं, तळायची नाही, भाजायची. साखर काढून फळ घालायचं.

ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या दोन खेपा माझ्या फसल्या, तुमच्या फसू नयेत म्हणून सांगते.

पहिल्या खेपेला मी ताज्या अननसाच्या फोडी पनीरमध्ये कुस्करून भरल्या. तासाभरात सारणाला पाणी सुटलं, चव कडवट झाली आणि करंज्या तळाशी फुटल्या. आत्या म्हणाली, "ही तर गळकी होडी." कारण नंतर लक्षात आलं. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं एक पाचक द्रव्य असतं, कच्च्या पपईतही तसंच असतं. दुधाच्या पदार्थाशी ते जमत नाही. अननस वापरायचाच तर आधी चांगला शिजवून घ्या, उष्णतेनं ते द्रव्य निकामी होतं.

दुसऱ्या खेपेला लोभ नडला. पारीत अर्धी कणीक, अर्धं बेसन घातलं. बेसनात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पारी लाटतानाच चिरली आणि भाजल्यावर कच्च्या पिठाचा वास राहिला. धडा असा की पारीत डाळीचं पीठ एक तृतीयांशाच्या वर नेऊ नका. बेसनाऐवजी डाळ्याची पूड घ्या. डाळं आधीच भाजलेलं असल्यानं कच्चट लागत नाही.

आता तिसऱ्या खेपेची, जमलेली करंजी. साहित्य १० करंज्यांसाठी आहे.

पारीसाठी १२० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम डाळ्याची बारीक चाळलेली पूड, ४० ग्रॅम थिजलेलं तूप, १०० ग्रॅम चक्का, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. सारणासाठी सोललेली केळी २०० ग्रॅम (मध्यम आकाराची दोन ते तीन), १५० ग्रॅम ताजं पनीर, भाजलेल्या दाण्यांचं ४० ग्रॅम जाडसर कूट, २५ ग्रॅम गूळ, अर्ध्या लिंबाचा रस, वेलची आणि कणभर सुंठ. पनीर घरी करायचं तर एक लिटर दुधाचं दीडशे ग्रॅमच्या आसपास निघतं, म्हशीच्या दुधाचं थोडं जास्त.

आदल्या रात्री दही फडक्यात बांधून ठेवा, सकाळी चक्का तयार. कणीक, डाळ्याची पूड, मीठ आणि सोडा एकत्र करा. थिजलेलं तूप बोटांच्या टोकांनी चोळा, रवाळ दिसलं की थांबा. फार मळलंत तर तूप वितळेल आणि खुसखुशीतपणा जाईल. तंजावूरच्या उकाड्यात मला परात मध्येच फ्रिजमध्ये ठेवावी लागली, नागपूर-सोलापूरकरांनाही उन्हाळ्यात तेच करावं लागेल. मग चक्का घालून पीठ नुसतं गोळा करा. कोरडं वाटलं तर चक्क्याचं निथळलेलं पाणी चमचा चमचा घाला. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. डाळ्याची पूड पाणी हळूहळू पिते, हा अर्धा तास टाळू नका.

तेवढ्यात सारण. केळी कुस्करून चमचाभर तुपावर गुळासह परता. सात-आठ मिनिटांत ती पुरणासारखी घट्ट होतात. पुरणाची आपली जुनी परीक्षा इथेही चालते, उलथणं मध्ये उभं राहिलं पाहिजे. उतरवून लिंबाचा रस घाला आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावरच पनीर, कूट, वेलची आणि सुंठ मिसळा. गरम सारणात पनीर घातलंत तर ते पाणी सोडतं.

पिठाचे दहा गोळे करा. प्रत्येकाची हाताच्या पंज्याएवढी, जरा जाडसर पारी लाटा, नेहमीच्या करंजीसारखी पातळ नको. दीड-दोन मोठे चमचे सारण ठेवा, कडेला दुधाचा हात लावून मिटा आणि काट्यानं दाबा. कातण्यानं कापलंत तर दिसते छान, पण कड नीट दाबली गेली पाहिजे. वर सुरीनं दोन बारीक चिरा द्या, वाफेला वाट हवी. वरून दूध लावा, अंडं खात असाल तर फेटलेलं अंडं. थोडे तीळ भुरभुरा.

ओव्हन १० मिनिटं आधी तापवून १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटं भाजा. एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर पंधराएक मिनिटं पुरतात. आत्याकडे दोन्ही नाही. आम्ही जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवलं, वर झाकण, १० मिनिटं कढई तापवली आणि मंद-मध्यम आचेवर अर्धा तास भाजल्या, मध्ये एकदा उलटून. रंग ओव्हनइतका येत नाही, चवीत मात्र काही कमी नाही. पारी बदामी झाली आणि तळाला टिचकी मारल्यावर कडक वाजली की झाल्या.

आता हिशेब. कणकेतून साधारण १३ ग्रॅम प्रथिनं, डाळ्यातून १२, चक्क्यातून ८, पनीरमधून २७, दाण्यांतून १० आणि केळ्यांतून जेमतेम २. एकूण सत्तरच्या थोडं वर. म्हणजे एका करंजीत ७ ग्रॅम, एका अंड्याहून किंचित जास्त. दोन करंज्या आणि कपभर दूध घेतलंत तर न्याहारीतच २० ग्रॅम. मैद्याच्या पारीत जॅम भरलेली बेकरीची पेस्ट्री घेतली तर तीन-चार ग्रॅमच्या पुढे जाणं अवघड. फळ प्रथिनं देत नाही हेही या आकड्यांतून दिसेल. फळ चव देतं, ओलावा देतं, साखर वाचवतं. काम करतात पनीर आणि डाळं. म्हणून 'फळं जास्त, पनीर कमी' अशी काटकसर केलीत तर करंजी छान होईल, पण हाय प्रोटीन म्हणू नका. गहू आणि डाळ एकत्र येण्याचाही फायदा आहे. गव्हात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीतली उणीव गहू भरतो. वरण-पोळीचं गणितही हेच.

किती लागतात रोज? आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम. आत्याच्या ५२ किलोंना ४३ ग्रॅम. म्हातारपणी स्नायू झिजतात, म्हणून उतारवयात किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं अधिक घ्यावं असं अनेक तज्ज्ञ सुचवतात. कॉफीतलं दूध आणि दोन बिस्किटं मिळून तिच्या पोटात सकाळी चार ग्रॅम जात होते. उरलेले दुपारी आणि रात्री भरून काढायचे म्हटलं तर एवढंसं खाणाऱ्या बाईला ते जमणार कसं?

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच. मधुमेह असेल तर गूळ पूर्ण वगळा, केळ्याऐवजी साल काढून शिजवलेलं सफरचंद किंवा पेरू (बिया काढून) घ्या आणि एकच करंजी खा. दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी कुटाऐवजी डाळ्याची पूडच वाढवा, ती सारणाचा ओलावाही शोषते.

फळ तुमच्या गावचं घ्या. कावेरीच्या खोऱ्यात केळी पिकतात, शेजारच्या तिरुचिरापल्लीला तर केळीची राष्ट्रीय संशोधन संस्थाच आहे, म्हणून आत्याची करंजी केळ्याची. जळगावकरांना काही सांगायला नको. घोलवडकडचा चिकू घेतलात तर गूळ लागणारच नाही. हापूसचा रस आटवून चालतो, त्याला वेळ द्यावा लागतो. पिकल्या फणसाचे कापे गरे बारीक चिरून शिजवले तर केळ्याहून सरस लागतात, हे माझं मत. आत्याला मान्य नाही. स्ट्रॉबेरी फार पाणी सोडते, ती नवशिक्यांनी पहिल्या खेपेला टाळावी.

सकाळच्या घाईत हे सगळं कोण करणार, असं म्हणाल. रोज करायचंच नाही. रविवारी वीस करंज्या भरा आणि न भाजता ताटात सुट्या ठेवून फ्रीझरमध्ये घट्ट करा, मग डब्यात भरा. तीन आठवडे चांगल्या राहतात. लागतील तेवढ्या काढून, बर्फ न वितळवता थेट ओव्हनमध्ये, पाच-सात मिनिटं जास्त द्या. तुम्ही आंघोळ करून येईपर्यंत घरभर वास सुटतो. भाजलेल्या करंज्या फ्रिजमध्ये दोन दिवस, बाहेर ठेवू नका. पनीर आहे आत, आपल्याकडच्या हवेत दुपारपर्यंत आंबतं. मुलांच्या डब्यात द्यायची तर छोट्या सुट्टीत संपेल अशी एकच द्या.

मी निघाले त्या दिवशी आत्याच्या फ्रीझरमध्ये चोवीस करंज्या भरून आले. दहा दिवसांनी तिचा फोन आला. म्हटलं, संपल्या का? म्हणाली, "अगं, शेजारची पोरं शाळेला जाताना दारात उभी राहतात, माझ्या वाटेला रोज दीडच येते. आता पीठ मीच मळते, हाताला व्यायाम होतो. ते दही किती वेळ बांधायचं, ते परत सांग."

रात्रभर, आत्या. आणि फडकं घट्ट पिळायचं नाही, आपोआप निथळू द्यायचं.