मान कुणाच्या हाती द्यावी?

बदली झाली की माणूस आधी घर शोधतो, मग मुलांची शाळा, मग गॅस आणि दूध. न्हावी आठवतो तो केस कानावर आल्यावर. आमचा हा भाग तर बदल्यांचाच. शिक्षक, वनरक्षक, पोलीस, बँकेतले बाबू; आज चंद्रपूर, उद्या अहेरी, नाहीतर थेट सिरोंचा. मी चंद्रपूर सोडून गडचिरोलीत आलो तेव्हा शेजारी विचारलं, "इथे कटिंग चांगली कोण करतं?" उत्तराच्या आधी प्रश्नच आला, "आपल्यातला पाहिजे का, सर?"

विचारणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण हा प्रश्न हल्ली दोन्हीकडे विचारला जातो, हिंदू मित्रांना आणि मुस्लिम मित्रांनाही. 'अमक्याच्या दुकानात जाऊ नका' असे मोबाईलवर फिरणारे निरोप त्याचीच पुढची पायरी.

रमजानच्या पानावर हा विषय कशाला, असं वाटेल. ईद जवळ आली की आमच्या घरांत कपडे, शेवया, अत्तर यांच्याबरोबर कटिंगचाही हिशेब सुरू होतो. केस कापल्याने रोजा तुटत नाही. कॉलेजातले सहकारी दरवर्षी विचारतात, म्हणून सांगून टाकतो. 'बिनपाण्याची हजामत' म्हणून या महिन्यात आमची थट्टाही होते, ती चालते.

हजामत हा शब्द अरबीतून आलेला. हज्जाम म्हणजे मुळात तुंबडी लावून रक्त काढणारा. उर्दू बोलणारी जुनी माणसं न्हाव्याला आदराने 'खलिफा' म्हणत. सलमानी बिरादरी आपलं नातं हजरत सलमान फारसी यांच्याशी सांगते, नाभिक समाज संत सेना महाराजांशी. ज्याच्या वस्तऱ्याखाली आपण डोळे मिटून गळा देतो, त्याच्याकडे आपली अमानत असते. अमानत सोपवताना सचोटी पाहायची असते. पाटीवरचं नाव वाचून सचोटी कळत नाही.

नावागावावरून निवड करण्याचा जुना अनुभव आपल्याकडे आहेच. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, तरी लहानपणी आपले केस मोठी बहीण कापायची, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलंय. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. त्यात एकट्या न्हाव्याला दोष देण्यात अर्थ नाही. गावाच्या बलुत्यावर जगणारा माणूस गावाविरुद्ध किती जाणार? याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या काळी न्हावी गिऱ्हाइकाची जात पाहायचा. आता गिऱ्हाईक न्हाव्याचा धर्म पाहू लागलं, तर याला सुधारणा म्हणायचं का?

मग पाहायचं काय? ब्लेड तुमच्यासमोर नवी लावतो का. एकाचा टॉवेल झटकून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो का. "थोडे बारीक" म्हटल्यावर थांबून "किती?" असं विचारतो का. आणि बाकावर कोण कोण बसलंय. माझी खरी कसोटी हा बाक. मी ज्या दुकानात स्थिरावलो, तिथे रविवारी मराठीबरोबर गोंडी, तेलुगू आणि बंगालीही ऐकू येते. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो आहे. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात दुकानदार म्हणाला, "रोजा हाय ना, सर? तोंडावर फवारा नाही मारत मी." श्रावणात कोण दाढी करत नाही हे त्याला पाठ, ईदेच्या आधी कोण येणार हेही पाठ. श्रावणातली मंदी आणि चांदरातीची गर्दी धरूनच त्याच्या वर्षाचा जमाखर्च चालतो.

२०२० ची ईद मे महिन्यात टाळेबंदीत आली आणि राज्यातली सलून उघडली जूनच्या अखेरीस. ती ईद बायकोने, नाहीतर भावाने वेडेवाकडे कापलेल्या केसांनीच साजरी झाली. दुकानं उघडल्यावर जे रांगेत उभे राहिले, त्यांनी आधी पाटी वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

शहरात नवीन असाल, तर पहिली कटिंग चांदरातीला करू नका. त्या रात्री ओळखीच्या गिऱ्हाइकांचाही नंबर लागत नाही, आणि घाईतल्या कैचीवरून कारागीर कळत नाही. ईदेच्या चार-पाच दिवस आधी, दुपारी जा. रोजेदार तेव्हा घरी आडवे झालेले असतात, बाक रिकामा असतो.