खांदा कापावा की राहू द्यावा?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. तिने वर्षभर खाऊचे आणि बक्षिसाचे पैसे साठवले आणि आता तिला युकुलेले घ्यायचंय. दुकानात तिने दोन पाहिली. दोन्ही सर्वांत छोट्या मापाची, म्हणजे ‘सोप्रानो’. एक नेहमीच्या घाटाचं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. दुसऱ्याचा एक खांदा मानेजवळ कुणीतरी चावा घेतल्यासारखा कापलेला. याला ‘कटअवे’ म्हणतात. हे दुसरं आठशे रुपयांनी महाग! ती लिहिते, “बाबा म्हणतात, पैसे तुझे, तूच ठरव. मला तेच आवडलंय. पण आठशे रुपये जास्त देण्यासारखं त्यात खरंच काही आहे का?”

बाबांचं उत्तर मला आवडलं. फक्त ‘तूच ठरव’ म्हणताना त्यांनी तुझ्या हातात एक मोजपट्टी द्यायला हवी होती.

आधी हे बघू, की खांदा कापतात कशासाठी. गिटारची पेटी मोठी असते. डावा हात उंच स्वरांकडे सरकत पेटीपाशी आला, की पेटीचा खांदा हाताला आडवा येतो. म्हणून खालच्या बाजूचा खांदा कापून हाताला वाट करून देतात. गिटारवर ही सोय खरी आहे.

आता मोजपट्टी घे. खुंट्यांजवळच्या पट्टीपासून घोडीपर्यंत सोप्रानोची तार मोज. साधारण ३४-३५ सेंटिमीटर भरेल. तिचा बरोबर मध्य कुठे येतो? बाराव्या फ्रेटवर. (सतारीवर ज्यांना आपण पडदे म्हणतो, तेच हे फ्रेट.) तार निम्मी झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. आणि गंमत अशी, की जुन्या पद्धतीच्या सोप्रानोची पेटी नेमकी इथेच सुरू होते. म्हणजे खांद्याची अडचण आलीच, तर बाराव्या पडद्याच्या पुढे.

तिथवर किती स्वर मिळतात? युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. सी हा आपला ‘सा’ धरला, तर तारा झाल्या प, सा, ग, ध! शेवटच्या ‘ध’च्या तारेवर बारावा पडदा दाबलास, की तार सप्तकातला धैवत. मध्य सा पासून तार ध पर्यंतचे सगळे स्वर खांद्याला न शिवता वाजतात. शाळेतल्या गाण्यांना याहून जास्त काय लागतं?

पुढचं गणित आणखी मजेचं आहे. पट्टीपासून पहिल्या पडद्यापर्यंतचं अंतर जवळजवळ २ सेंटिमीटर असतं. पुढे ते कमी कमी होत जातं. बाराव्यानंतरचं घर १ सेंटिमीटरपेक्षाही अरुंद, आणि पंधराव्यापुढचं जेमतेम ८ मिलिमीटर. तुझ्या बोटाचं टोक मोजून बघ! तिथे अडचण खांद्याची नाहीच, दाटीवाटीची आहे. शिवाय पेटी इतकी चिमुकली, की तिच्या खांद्यावरून बोटं तशीही पलीकडे पोचतात. काही सोप्रानोंना तर एकूण पडदेच बारा असतात. मग कापलेला खांदा म्हणजे जिथे जायचंच नाही तिकडे काढलेला रस्ता. दुकानात आधी पडदे मोज.

आणि आवाज? पेटीच्या वरच्या पाटीचा मुख्य कंप घोडीच्या आजूबाजूच्या रुंद भागात होतो, त्यामुळे खांदा कापल्याने फार बिघडत नाही. पण मुळात पेटीत हवा वाटीभर, त्यातली थोडी कमी होणार. आवाज वाढणार तर नक्कीच नाही. जास्तीचे पैसे जातात ते मेहनतीला. पेटीच्या कडेची पातळ फळी उष्णता देऊन वाकवतात, आणि कापलेल्या खांद्यापाशी ती फारच आखूड जागेत वळवावी लागते.

हे वाद्य जन्मलं तेव्हा असला खांदा नव्हता. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून माणसं घेऊन एक जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजी हवाई बेटांवरच्या होनोलुलूला पोचलं. त्यात तीन सुतार होते. मदेराच्या छोट्या चारतारी वाद्यावरून त्यांनी तिथे युकुलेले घडवलं. या नावाचा अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगतात.

पुढे युकुलेलेची मोठी मापंही आली. ‘टेनर’ची तार सुमारे ४३ सेंटिमीटर असते, वरची घरं थोडी ऐसपैस असतात. वरच्या पडद्यांवर धून वाजवणाऱ्याने टेनरवर कटअवे जरूर घ्यावा. सोप्रानोवर मी आठशे रुपये देणार नाही. त्यात तारांचा जादा संच आणि चिमट्यासारखा लावायचा छोटा ट्यूनर येईल.

तुझा धाकटा भाऊ डावखुरा आहे, असं तू पत्रात शेवटी लिहिलंस. बरं झालं सांगितलंस! साधा घाट दोन्ही बाजूंनी सारखा असतो. उद्या वाद्य त्याच्याकडे गेलं, तर दुकानदाराकडून तारा उलट्या क्रमाने लावून घेता येतील. कापलेला खांदा मात्र त्याच्यासाठी नेमका नको त्या बाजूला येईल. पालकांनीही हे ध्यानात ठेवावं.

तरीही तेच डोळ्यांत भरलं असेल तर? वाद्य देखणं हवं वाटणं हा काही गुन्हा नाही. रोज हातात घ्यावंसं वाटेल असं वाद्य पेटीत पडून राहत नाही. फक्त दोन्ही वाद्यांची एक परीक्षा घे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकव, दाबू नकोस. तार छेड आणि लगेच बोट उचल. घंटीसारखा स्वर येईल. मग तिथेच तार दाबून वाजव. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. चारही तारांवर करून बघ. जे नापास होईल ते, खांदा कसाही असो, तिथेच ठेव.

आणि हो, नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात, सूर सारखा उतरतो. वाद्य बिघडलं म्हणून दुकानात धावू नकोस. खुंट्या पिळत राहा, आणि कोणतं घेतलंस ते मला कळव.