श्रीखंडाच्या डब्यातला वड



श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यात वडाचे बोन्साय करायचे, खर्च काहीच नाही, असे हल्ली कौतुकाने सांगतात. डबा कचऱ्यात गेला नाही, हे चांगलेच. पण झाडाचे काय? मुळे छाटायची, फांद्यांना तार आवळायची, वाढ रोखायची! अनंत जीवांच्या हिंसेला भिऊन आपण कांदा-बटाटा ताटात घेत नाही. मग हा एकेंद्रिय जीव दिसत नाही का?

"भाजी चिरतोच की," म्हणाल. ती पोटासाठी. केवळ हौसेसाठी झाड छाटणे म्हणजे अनर्थदंड. स्वस्तात झाला म्हणून दोष हलका होत नाही.

त्याच डब्यात कढीपत्ता लावा. डबा अपुरा पडला की मुळे कापू नका, मोठी कुंडी द्या.