ट्रिगर शिकवा, पण आधी फेरफार शिकवा

आमच्या जुळे सोलापुरातली संगणक शिकणारी मुलं अधूनमधून वह्या घेऊन येतात. ट्रिगरची इंग्रजी व्याख्या तोंडपाठ असते. "पण हा लिहायचा कशासाठी?" विचारलं, की गप्प. याला मी शिक्षण म्हणत नाही, घोकंपट्टी म्हणतो.

गोष्ट साधी आहे. स्टोअर्ड प्रोसीजर आपण बोलावल्यावर चालते. ट्रिगरला बोलवावं लागत नाही. टेबलमध्ये नोंद घातली, बदलली किंवा खोडली, की तो आपोआप चालतो. जुनी ओळ 'ओल्ड', नवी ओळ 'न्यू'.

शेतकऱ्याच्या मुलाला हे परकं का वाटावं? त्याच्या घरात सातबारा आहे. खरेदीखत नोंदलं की खबर महसूल खात्याकडे जाते, गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. पण सातबारा लगेच बदलत नाही! १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५० सांगतं : संबंधितांना नोटीस द्या, हरकत आली तर ती ६-अ च्या नोंदवहीत लिहा, तिचा निर्णय करा, नोंद प्रमाणित करा. मगच अंमल. काय बदललं, कशामुळे बदललं, कोणी मंजूर केलं, सगळं मागे उरतं.

आता वहीतला ट्रिगर पाहा. पोस्टग्रेसमध्ये नोंद होण्याआधी ओळीगणिक चालणाऱ्या ट्रिगर फंक्शननं 'नल' परत केलं, की ती ओळ गुपचूप गळते. चुकीचा संदेश नाही, कारण नाही. तिथं 'रेज एक्सेप्शन' लिहिलं, तर नकार उघडपणे आणि कारणासह देता येतो. जुनी किंमत, नवी किंमत, वेळ, बदलणाऱ्याचं नाव वेगळ्या टेबलमध्ये लिहून ठेवणं हेही ट्रिगरचंच काम. पण वह्यांत ते शेवटच्या पानावरही नसतं.

"सर, परीक्षेत हे विचारत नाहीत," असं उत्तर मिळतं. नसतील विचारत. पण उद्या हीच मुलं पेन्शनच्या, रेशनच्या, जमिनीच्या नोंदी सांभाळणार आहेत. खिडकीपुढच्या म्हातारीला "सिस्टीमनं नाव काढलं" असं सांगितलं जातं. सिस्टीम स्वतःहून कोणाचं नाव काढत नाही हो! नियम कोणीतरी लिहिलेला असतो, आणि हरकतीला जागा ठेवायची की नाही, हेही त्यानंच ठरवलेलं असतं.

म्हणून क्लासवाल्यांना माझं सांगणं आहे : पहिला धडा फळ्यावर, मराठीत, एका गटाच्या फेरफाराचा घ्या. कंस आणि अर्धविराम दुसऱ्या दिवशी शिकवले तरी चालतील.