नागरिकधर्म : टपाली मत आणि एक सही

घरांतील मुलगा सैन्यांत असेल तर त्याचें मत टपालानें जातें. निवडणुकीच्या कामावर गेलेले शिक्षक, आणि अर्ज केल्यास पंच्याऐंशी वर्षांवरील आजी-आजोबा, यांचेंही मत टपाली मतपत्रिकेवरच पडतें. आमच्या आष्ट्यास व भोंवतालच्या गांवीं अशीं घरें थोडीं नाहींत. परंतु पाकीट बंद केलें म्हणजे मत पोंचलें, हा समज खरा नव्हे.

२०२४ सालची वायव्य मुंबईची लोकसभा निवडणूक पाहावी. ४ जून रोजीं मोजणी झाली तेव्हां यंत्रांवरील मतांत श्री. अमोल कीर्तिकर एका मतानें पुढें होते. टपाली मतें मात्र त्यांस १,५०१ व श्री. रवींद्र वायकर यांस १,५५० पडलीं; आणि दोघांस मिळून नऊ लाखांवर मतें पडलीं असतां श्री. वायकर अवघ्या ४८ मतांनीं विजयी झाले. बाद झालेलीं टपाली मतें होतीं १११, म्हणजे त्या अंतराच्या दुपटीहून अधिक! अशा वेळीं बाद मतें पुन्हां तपासण्याचा दंडक आहे. त्याप्रमाणें तपासणी झाली. निकाल बदलला नाहीं. श्री. कीर्तिकर मुंबई उच्च न्यायालयांत गेले. परंतु आक्षेपांमुळें निकालावर प्रत्यक्ष परिणाम कसा झाला याचा आवश्यक तपशील अर्जांत नाहीं, असें ठरून डिसेंबर २०२४ मध्यें तो फेटाळला गेला.

मत बाद होतें तें बहुधा क्षुल्लक चुकीनें. टपाली मतपत्रिकेसोबत एक प्रतिज्ञापत्र असतें. मतपत्रिका आंतल्या पाकिटांत, आणि तें पाकीट व प्रतिज्ञापत्र बाहेरच्या पाकिटांत घालावयाचें असतें. प्रतिज्ञापत्र नसेल, त्यावर मतदाराची सही किंवा अधिकाऱ्याचें साक्षांकन नसेल, अथवा त्यावरील अनुक्रमांक आंतल्या पाकिटावरील क्रमांकाशीं जुळत नसेल, तर आंतलें पाकीट उघडलेंच जात नाहीं. सीमेवरील जवानानें कोणास कौल दिला हें मग कोणासच कळत नाहीं. मोजणी सुरू होण्यापूर्वीं न पोंचलेलें मतही व्यर्थच जातें.

निकालानंतर न्यायालयाची वाट लांबची आहे. पाकीट बंद करण्यापूर्वींची तपासणी दोन मिनिटांची. तेव्हां कर्त्या मंडळींनीं मुलास पत्र लिहितांना वा फोनवर बोलतांना सही, साक्षांकन, क्रमांक आणि वेळ या चार गोष्टींची आठवण अवश्य द्यावी. मत कोणास द्यावें हें मात्र त्याचें त्यानें ठरवावें.