पोलादनगरीची गटारे आणि खेड्यांचे तलाव

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करारावर २ फेब्रुवारी १९५५ रोजी सह्या झाल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही आखून बांधण्यात आली. तिच्या घरोघरी नळ आले, जमिनीखालून गटारे गेली आणि गटारांच्या टोकाला ऑक्सिडेशन तळी खोदण्यात आली. या तळ्यांत यंत्र नसते, विजेचा खर्च नसतो. उथळ पाण्यावर ऊन पडते, शेवाळ वाढून प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जीवाणू घाणीचे विघटन करतात. नागपूरच्या ज्या संस्थेला १९७४ पासून ‘नीरी’ हे नाव मिळाले, तिने या तंत्राचा भारतीय हवामानात बारकाईने अभ्यास केला होता. थोडक्यात, गरीब देशाला परवडणारे तंत्र हाताशी होते. वसाहतीच्या कुंपणापलीकडील खेड्यांपर्यंत मात्र ते क्वचितच पोहोचले.

दुर्ग जिल्ह्यातील खेडे तलावावर जगत आले आहे. एकट्या धमधा गावाच्या नावे लोकपरंपरा १२६ तलाव सांगते. आंघोळ, धुणे, गुरांचे पाणी ही सारी तलावाची कामे. आणि त्यांवरील गावाच्या हक्काला ‘निस्तार’ म्हणतात. चंद्रपूर-भंडाऱ्याच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागू नये. मालगुजारी गेली, तलाव राहिले, निस्तारही राहिला.

२०१९ साली जलजीवन मिशन आले. माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे त्याचे उद्दिष्ट. दोन हजार वस्तीच्या गावात याचा अर्थ रोज १,१०,००० लिटर पाणी. आणि त्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाऊण लाखाहून अधिक लिटर, सांडपाणी होऊन घराबाहेर पडणार. ते जाणार कोठे? उताराने, गावच्या तलावात. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावासाठी सांडपाण्याकरिता माणशी कमाल २८० रुपये ठरले, म्हणजे या गावाला फार तर ५,६०,०००. त्यातीलही ३० टक्के पंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचे. खोदकाम या पैशात एक वेळ होईल. पण गाळ काढणार कोण, आणि त्याची मजुरी कोण देणार? योजनेच्या कागदावर हा माणूस दिसत नाही. गावात मात्र सर्वांना ठाऊक असते की तो कोणत्या वस्तीतून बोलावला जाईल.

‘गावकऱ्यांना स्वच्छतेची सवय नाही’ हे अधिकाऱ्यांचे आवडते उत्तर. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने ते खोटे ठरवले आहे. तेथे घरोघरी शोषखड्डे खोदले गेले, उघडी गटारे नाहीशी झाली आणि डासही हटले. टेंभुर्णीचे यश निर्विवाद आहे. तथापि तोच नमुना छापील परिपत्रकासारखा सर्वत्र वाटणे ही नोकरशाहीची खोड आहे. छत्तीसगडच्या काळ्या, चिकण ‘कन्हार’ जमिनीत पाणी सहजी मुरत नाही. पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि सांडपाणी पुन्हा गल्लीत येते. मुरमाड ‘भाठा’ जमिनीत ते इतके झपाट्याने मुरते की विहीर जवळ असेल तर तिलाच धोका. म्हणजे भाठ्यावर विहिरीपासून अंतर राखून शोषखड्डे, आणि कन्हारमध्ये गावाच्या खालच्या अंगाला उथळ तळ्यांची साखळी. कामगार वसाहतीला जे सुचले तेच.

तळ्याला जागा लागते, आणि खरी अडचण तेथे आहे. खालच्या अंगाची पडीक जमीन बहुधा गावातील एखाद्या वजनदार माणसाच्या नांगराखाली गेलेली असते. पंचायतीत बसलेली हीच मंडळी ‘जागा उपलब्ध नाही’ असा ठराव लिहून घेतात. छत्तीसगडला लागू असलेल्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या २३७ व्या कलमानुसार गावाच्या रिकाम्या जमिनी सामाईक कामांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे, आणि त्या कामांच्या यादीत चराई, स्मशान, खताचे खड्डे यांच्याबरोबर गटारेही आहेत. सांडपाण्याच्या तळ्याला याच कलमाखाली जागा मिळू शकते. ग्रामसभांनी त्यासाठी नवा कायदा मागण्याचे कारण नाही. जमिनीची मोजणी आणि अतिक्रमणाची यादी मागावी, आणि गाळ काढणाऱ्याची मजुरी पंचायतीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी लिहून घ्यावी.